दात साफ करणाऱ्या ताईंच्या मागे डॉक्टर उभे हवेत का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत. डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करणाऱ्या ताई किंवा दादा, डॉक्टर समोर नसताना शाळेत, शिबिरात, सरकारी दवाखान्यात किती काम करू शकतात आणि त्यांच्यावर देखरेख कुणाची? दातांच्या डॉक्टरांबद्दल सगळे बोलतात, हायजिनिस्टबद्दल कुणी काही सांगतच नाही, म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून फक्त हीच घेतली.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. आमच्याकडे मध्यंतरी दातांचं शिबिर झालं. नाशिकहून गाडी आली, डॉक्टर आले, नारळ फुटला, फोटो झाले आणि तासाभरात डॉक्टर दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. मग दिवसभर एक ताई एकट्याच मशीन लावून मुलांचे दात साफ करत होत्या. ताई मुलांशी फार प्रेमाने वागल्या, पण दोन मुलींच्या हिरड्यांतून बरंच रक्त आलं आणि आमच्या सरांनी विचारलं, डॉक्टर नसताना हे चालतं का? मला उत्तर देता आलं नाही.

मॅडम, आधी रक्ताचं सांगते म्हणजे तुमचा जीव थाऱ्यावर येईल. हिरड्या सुजलेल्या असतील तर स्केलिंगमध्ये, म्हणजे मशीनने दातांवरचा थर काढताना, रक्त येतंच आणि बहुतेक वेळा थोड्या वेळात थांबतं. दुसऱ्या दिवशीही येत राहिलं, किंवा त्या मुलीला एरवीही नाकातून रक्त येणं, अंगावर निळे डाग पडणं असं काही असेल, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या, तिथे उशीर नको.

आता चालतं का. आपल्याकडे १९४८ चा डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आहे, त्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्याच दिलेली आहे : दातांवरचा थर काढणं, दात साफ करणं, पॉलिश करणं आणि तोंडाच्या स्वच्छतेबद्दल माणसांना शिकवणं. (२०२३ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केलाय, पण रोजच्या कामात आपण सगळे अजून या जुन्या व्याख्येवरच बोलतो.) म्हणजे ताईंनी मशीन हातात घेतलं हा काही गुन्हा नाही, ते त्यांचंच काम आहे, त्यासाठी त्या बारावी सायन्सनंतर दोन वर्षं शिकलेल्या असतात आणि राज्य दंत परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. नोंदणी आहे का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि ज्यांची आहे त्यांना त्याचा राग येत नाही. नोंदणी नसेल, नुसती कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये बघून बघून शिकलेली व्यक्ती असेल, तर मग डॉक्टर शेजारी उभे असले तरी ते कायद्यात बसत नाही.

पण खरी अडचण मला पुढे दिसते. देखरेख म्हणजे डॉक्टरांनी दिवसभर खुर्चीमागे उभं राहणं असं आपण समजतो आणि मग ते शक्य नाही म्हणून सगळंच सोडून देतो. माझ्या मते देखरेखीत बघायचं ते हे : साफ करायच्या आधी त्या मुलाचं तोंड डॉक्टरांनी बघितलं का, काय करायचं ते कागदावर लिहून दिलं का, काही अडलं तर ताईंनी कुणाला फोन करायचा आणि तो माणूस फोन उचलणार का, आणि शिबिर संपल्यावर ज्या मुलांना पुढचे उपचार लागणार आहेत त्यांची यादी कुणाच्या हातात गेली. तुमच्या शिबिरात डॉक्टर तासभर होते. तो तास नारळात आणि फोटोत गेला. तोच तास मुलांना ओळीने बसवून तोंडं बघण्यात गेला असता आणि प्रत्येकाच्या कार्डावर दोन शब्द लिहिले गेले असते तर नंतर ताईंनी एकटीने काम करण्यात मला काहीच गैर वाटलं नसतं.

आधी बघणं इतकं का महत्त्वाचं, तर एखाद्या मुलाच्या हृदयाच्या झडपेत दोष असतो किंवा जन्मापासूनच हृदयात काही असतं. दात साफ करताना हिरडीतले जंतू रक्तात जातात, धडधाकट मुलाला त्याने काही होत नाही पण अशा मुलाला झडपेचं इन्फेक्शन होऊ शकतं, आणि आधी अँटिबायोटिक द्यायचं का हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. तुमच्या शाळेत आरबीएसकेची टीम वर्षातून एकदा तपासणीला येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासून चालू आहे ती, तिच्या तपासणीत हृदयाचे आजारही असतात आणि दातांचे त्रासही. ते रजिस्टर तुमच्याच कपाटात किंवा आरोग्य केंद्रात असेल. पुढच्या शिबिराला ते टेबलावर काढून ठेवा आणि डॉक्टर आले की पहिल्यांदा तेच त्यांच्या हातात द्या.

आणखी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मशीनचं जे टोक दाताला लागतं ते प्रत्येक मुलाला वेगळं, ऑटोक्लेव्ह केलेलं म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेलं, पाकिटातून फोडून काढलेलं हवं. मी शिबिरांत बघितलंय, स्टीलच्या ट्रेमध्ये जंतुनाशकाचं पाणी, त्यात ते टोक बुचकळायचं आणि लगेच पुढच्या मुलाच्या तोंडात, पाणी दुपारपर्यंत गुलाबी झालेलं असतं. बुचकळून निर्जंतुक होत नाही हो. ऑटोक्लेव्हला १२१ अंशाला दाबाखाली निदान पंधरा मिनिटं लागतात. म्हणून शिबिरात टोकं किती आणली यावर मुलं किती बसवायची ते ठरतं. उरलेल्या मुलांना ब्रश करायला शिकवा, तपासा, पण मशीन लावू देऊ नका. हे तुम्ही अधीक्षिका म्हणून थांबवू शकता, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

मनातलं सांगू का, आठ-दहा वर्षांच्या पोराला मशीनने सफाई लागतेच असं नाही. त्याला लागतं दातांवर फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड लागू नये म्हणून द्यायचा लेप, सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढेच्या खाचा बुजवणं, आणि रोज रात्री झोपायच्या आधी ब्रश. पण मशीनचा आवाज येतो, पाणी उडतं, फोटो चांगला येतो. पुढच्या वेळी आयोजकांना आधीच विचारा, मुलांच्या पक्क्या दाढांसाठी काय आणताय?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते, डेंटल हायजिनिस्टचा डिप्लोमा केलाय, रजिस्ट्रेशन आहे. एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी आहे. आमचे डेंटल सर्जन आठवड्यातून दोनच दिवस येतात, बाकी दिवस त्यांची दुसरीकडे ड्युटी. वरून सांगतात तू बस, ओपीडी बंद दिसायला नको. मी स्केलिंग करते, पण पेशंट म्हणतात ताई दात हलतोय काढून द्या, दाढ ठणकतेय गोळी लिहून द्या. एकदा मला सुन्न करायचं इंजेक्शन देऊन ठेवायला सांगितलं, सर वाटेत आहेत म्हणून. मी दिलं नाही तर बोलणी खाल्ली. ऑर्डर रिन्यू होईल का याची धाकधूक असते. मॅडम, माझी नेमकी हद्द कुठपर्यंत?

ताई, इंजेक्शन दिलं नाहीस ते अगदी योग्य केलंस, सगळ्यात आधी हे. त्याच कायद्यात दंतवैद्यक म्हणजे काय तेही लिहिलंय, त्यात दात आणि जबड्यावरची शस्त्रक्रिया, आजारांचे उपचार, एक्स-रे आणि त्यासाठी भूल देणं हे सगळं येतं, आणि ते नोंदणीकृत डेंटिस्टचं काम आहे. तुझ्या व्याख्येत भूल नाही, दात काढणं नाही, अँटिबायोटिक किंवा पेनकिलर लिहिणं नाही. हलणारा दुधाचा दात असो, मोठी बाई काकुळतीला येऊन सांगत असो, साहेब तोंडी सांगत असोत. तोंडी सांगणारा माणूस काही बिघडलं की हात वर करतो आणि केस पेपरवर अक्षर तुझं असतं.

पण म्हणून डॉक्टर नसलेल्या दिवशी कुलूप लावून बसायचं का, तर नाही, आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तालुक्याच्या बाई पहाटे उठून, स्वैपाक उरकून, दोन जीप बदलून येतात आणि त्यांना डॉक्टर नाहीत उद्या या म्हणून परत पाठवलं तर त्या उद्या येत नाहीत, त्या एकदम गाल सुजल्यावर येतात. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांसाठी डेंटिस्ट, हायजिनिस्ट आणि असिस्टंट अशी टीम धरलेली आहे, म्हणजे तुझी जागा कुणी कौतुकाने निर्माण केलेली नाही, ती कामाची जागा आहे. तुझं काम डॉक्टरांशी बांधलेलं राहायला हवं, पण ते कागदाने बांधता येतं.

कसं ते सांगते. डॉक्टर ज्या दोन दिवशी येतात त्या दिवशी पेशंट तपासून त्यांनी केस पेपरवर ‘स्केलिंग’ असं लिहून तारीख आणि सही करायची, आणि तू ते पेशंट बाकीच्या दिवसांना बोलवायचे. मग तू एकटी असलीस तरी निदान त्यांचं झालेलं आहे आणि तू त्यांच्या सूचनेवर काम करतेयस. याशिवाय एक कायमची लेखी सूचना त्यांच्याकडून घे, पानभरसुद्धा नको : डॉक्टर नसताना हायजिनिस्टने काय करावं, कुठे थांबावं, कुणाला फोन करावा. त्यावर त्यांची सही, दवाखान्याच्या प्रमुखांची सही आणि आवक क्रमांक. आवक क्रमांक विसरू नको, सरकारी दप्तरात ज्या कागदावर आवक क्रमांक नाही तो कागद कधी आलाच नव्हता असं धरतात. एक झेरॉक्स खुर्चीशेजारी भिंतीवर लाव, म्हणजे पेशंटलाही दाखवता येईल की बघा काका, मला हे करायची परवानगी नाही, माझ्या मनाचं काही नाही.

थांबायच्या जागा मी तुला सांगते, त्या सूचनेत घालून घे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेला पेशंट, अँजिओप्लास्टी झालेली माणसं बरेचदा ‘हृदयाची गोळी’ एवढंच सांगतात तेव्हा गोळ्यांची पट्टी बघायला माग, आणि गोळी बंद करा असं तू स्वतःहून कधीच सांगायचं नाही. हृदयाची झडप बदललेला. पेसमेकरवाला, कारण दात साफ करायच्या जुन्या पद्धतीच्या काही अल्ट्रासोनिक मशीनबद्दल काळजी घ्यावी लागते. शुगर आटोक्यात नसलेला. बीपी खूप वाढलेलं. या सगळ्यांना डॉक्टरांच्या दिवशी बोलाव. आणि जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास, तोंड उघडत नाही असं कुणी आलं तर डॉक्टरांच्या दिवसाची वाट बघायचीच नाही, त्याच इमारतीत मेडिकल ऑफिसर असतात, हाताला धरून त्यांच्यासमोर नेऊन उभं कर, ते ठरवतील सिव्हिलला पाठवायचं का. अशा सुजेने श्वास अडकू शकतो.

आणि जे काम करायला तुला कुणाचीच सही लागत नाही ते तर भरपूर आहे गं. तंबाखू, मशेरी, गुटखा यावर बोलणं. गरोदर बायकांना हिरड्यांबद्दल सांगणं. ब्रश हातात धरून दाखवणं. तोंड उघडायला लावून तीन बोटं एकावर एक उभी मावतात का ते बघणं, आत पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लिहून पुढे पाठवणं. निदान तू करायचं नाहीस, पण दिसलं ते लिहायचं आणि ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणायचं हे तुझं कामच आहे. एक रजिस्टर कर, त्यात कुणाला कुठे पाठवलं आणि ते गेले का, हे दोन रकाने हवेतच. ‘गेले का’ हा रकाना फार थोड्या ठिकाणी असतो आणि तोच भरत नाही म्हणून आजार वाढतात.

बोलणी खाल्लीस त्याबद्दल. पुन्हा कुणी इंजेक्शन द्यायला सांगितलं तर भांडू नको, शांतपणे ‘सर, हे माझ्या रजिस्ट्रेशनमध्ये बसत नाही, तुम्ही लेखी द्या म्हणजे मी डेंटल सर्जनना विचारते’ एवढं म्हण, आणि संध्याकाळी तेच वाक्य मेसेज करून ठेव. लेखी कुणी देत नाही. तुझ्या जागी दुसरी ताई असती तर रिन्यूअलच्या भीतीने तिने दिलंही असतं, म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कंत्राटी मुलींच्या गळ्यात असली कामं मारू नका, ओपीडीचा आकडा कमी दिसला तर दिसू द्या.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो, त्याची बायको तिथे डेंटल हायजिनिस्ट आहे. ती म्हणते की ती शाळांमध्ये आणि वृद्धाश्रमांत एकटी जाऊन दात साफ करते, डॉक्टर बरोबर नसतात. मग आपल्याकडेच डॉक्टर हवेत असा हट्ट का? — गंगापूर रोडचे एक निवृत्त शिक्षक

सर, तुमच्या सूनबाई बरोबर सांगतायत, पण त्यांच्या ‘एकटी’मागे बराच कागद आहे. अमेरिकेत हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. काही कामांना डॉक्टर त्याच खोलीत किंवा इमारतीत लागतात, काहींना त्यांनी आधी तपासून लिहून दिलं की पुरतं, आणि सार्वजनिक आरोग्याच्या ठिकाणांसाठी, म्हणजे शाळा, वृद्धाश्रम, गरिबांचे दवाखाने यांसाठी, बऱ्याच राज्यांनी वेगळी सवलत दिलीय. मिशिगनमध्ये २००५ च्या एका कायद्याने मान्यता मिळालेल्या संस्थांमधून हायजिनिस्टला डॉक्टरांनी आधी न तपासलेल्या पेशंटवरही काम करता येतं, मात्र एक ठरलेला डॉक्टर देखरेखीला नेमलेला असतो आणि तो फोनवर मिळायलाच हवा. मॅसॅच्युसेट्समध्ये २००९ पासून पब्लिक हेल्थ हायजिनिस्ट असा प्रकार आहे, त्यांनाही अनुभव आणि लेखी करार लागतो. इंग्लंडमध्ये १ मे २०१३ पासून पेशंट थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो, आधी डेंटिस्टची चिठ्ठी लागायची ती अट गेली.

तुम्ही शिक्षक, म्हणून एक खास सांगते. हा पेशा वाढलाच मुळी शाळांमधून. अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या क्लिनिकमधल्या आयरीन न्यूमन या सहायक बाईंना दात साफ करायला शिकवलं, पुढे १९१३ मध्ये वर्ग काढला आणि त्यातून शिकलेल्या बायका गावातल्या शाळांत जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या, ब्रश शिकवू लागल्या. न्यूझीलंडने तर १९२१ मध्ये शाळांसाठी डेंटल नर्स तयार करायला सुरुवात केली. मुलं डॉक्टरांकडे येणार नाहीत, आपणच शाळेत गेलं पाहिजे, हे त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आपल्याकडेही ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. आपलं नाशिक म्हणजे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं गाव, दिंडोरी रोडला सगळ्या राज्याच्या मेडिकल-डेंटलच्या परीक्षांचा कारभार चालतो, पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, आणि तिथून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मात्र आठवीतल्या मुलाने आयुष्यात दातांचा डॉक्टर बघितलेला नसतो. नोंदणीकृत हायजिनिस्टला ठरावीक कामांसाठी, ठरलेल्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर, एकटीने आश्रमशाळेत जायची स्पष्ट परवानगी नियमात लिहिली जावी. पण ती लिहिली जाताना डॉक्टरचं नाव, फोन, वर्षातून किती वेळा त्याने स्वतः जायचं आणि पुढे पाठवलेल्या मुलांची गाडी कोण करणार, हेही त्याच कागदावर यायला हवं. मिशिगनची सवलत घ्यायची आणि मिशिगनचा फोन घ्यायचा नाही असं झालं तर आपल्या मुलांचं नुकसान होईल.

प्रश्न : सातपूरला माझं क्लिनिक आहे. एका कारखान्यात कामगारांसाठी शिबिर ठरलंय, मला त्या दिवशी जमणार नाही. हायजिनिस्टला पाठवून तपासणीचे रिपोर्ट मी नंतर सही करून दिले तर? — एक डेंटिस्ट

डॉक्टर, नाही. न बघितलेल्या तोंडाच्या रिपोर्टवर सही करू नका. एवढ्या कामगारांत एकाच्या गालात आतून काहीतरी असेल आणि तुमच्या सहीखाली ‘नॉर्मल’ लिहिलेलं असेल, तर तो माणूस तो कागद घेऊन वर्षभर निर्धास्त फिरेल. तारीख बदला किंवा ओळखीच्या दुसऱ्या डेंटिस्टना पाठवा. अगदीच नाही जमलं तर हायजिनिस्टने जाऊन फक्त तंबाखू आणि ब्रशिंगचं सत्र घ्यावं, आणि कारखान्याला आधीच स्पष्ट कळवा की ही तपासणी नाही. सिंहस्थ येतोय, शहरात शिबिरांची रांग लागेल, तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी.

प्रश्न : माझ्या सासूबाई वर्षानुवर्षं मशेरी लावतात. शिबिरातल्या ताईंनी त्यांच्या गालात आत पांढरा चट्टा बघून ‘सिव्हिलला दाखवा’ अशी चिठ्ठी दिली. घरात सगळे म्हणतात ती कुठे डॉक्टर आहे, कशाला ऐकायचं. काय करू? — दिंडोरी

ताई, ऐका. त्या डॉक्टर नाहीत म्हणूनच त्यांनी तुम्हाला औषध दिलं नाही, चट्ट्याला नाव दिलं नाही आणि जिथे डॉक्टर आहेत तिथे पाठवलं, त्यांनी त्यांचं काम चोख केलंय. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखू लावणाऱ्याच्या गालातला पांढरा चट्टा घरी बसून बघत राहायची गोष्ट नाही. बहुतेक चट्टे कॅन्सरचे नसतात, पण कुठला आहे आणि कुठला नाही हे बघून सांगता येत नाही, तपासावं लागतं. याच आठवड्यात सासूबाईंना घेऊन जिल्हा रुग्णालयात सकाळच्या ओपीडीला जा, चिठ्ठी बरोबर ठेवा, केस पेपर काढताना दातांचा विभाग सांगा. मशेरी आजपासून बंद, चट्टा दुखत नसला तरी बंद. छोटा तुकडा काढून तपासायला सांगतील कदाचित, त्याला घाबरून परत येऊ नका, तुकडा काढला की आजार पसरतो असं गावात बोलतात ते खरं नाही. आणि रिपोर्ट आला की त्या ताईंनाही कळवा, त्यांच्या रजिस्टरमधला तुमच्या सासूबाईंच्या नावापुढचा रकाना अजून रिकामा असेल.